रातकिडा पळालाय? आधी स्प्रे खाली ठेवा!

रात्रीचे पावणेदोन. सकाळी साडेनऊला क्लायंट कॉल. आणि कपाटामागून सुरू होतं... चिर्र, चिर्र, चिर्र! तुम्ही उठून लाइट लावता. आवाज बंद. लाइट घालवून पांघरुणात शिरता. पुन्हा चिर्र! आता या कपाटाचं काही तरी करावं की रूममेटचं, इतपत विचार डोक्यात येतात. कारण हा रातकिडा खिडकीतून आलेला पाहुणा नाही. तो रूममेटच्या बिअर्डेड ड्रॅगनचा डिनर आहे. आणि डिनर डब्यातून पळालाय!

हसू नका. शहरातल्या फ्लॅट्समध्ये कुत्रा-मांजर आता फारच कॉमन झालंय. कुत्र्याला फिरवायला वेळ नाही, मांजर भाव देत नाही. मग काचेच्या टाकीत, बल्बच्या उबेला डोळे मिटून बसलेला ऑस्ट्रेलियन सरडा पब्लिकला सॉलिड आवडतो. भुंकत नाही, सोफा फाडत नाही, शेजाऱ्यांना कळतसुद्धा नाही. फक्त एक बारीकशी अट असते. त्याला जिवंत किडे लागतात. म्हणजे तुम्ही एक नाही, दोन प्रकारचे जीव घरी आणता. एक खाणारा आणि एक खाल्ला जाणारा. खाणारा निवांत असतो. खाल्ला जाणारा मात्र चान्स मिळाला की सटकतो. त्याच्या जागी तुम्ही असता तर वेगळं काय केलं असतं?

तर आजचा आपला विषय हा. पळालेल्यांचं करायचं काय? आणि त्याहून महत्त्वाचं, काय करायचं नाही? उत्तर शोधायला आपण पुण्या-मुंबईतून जरा बीडला जाऊन येणार आहोत. हो, बीडच! किडे सांभाळणं हा तिथे छंद नाही, रोजीरोटी आहे. त्यामुळे त्यांना जे कळतं ते आपल्या सतराव्या मजल्यावर अजून पोचलेलं नाही.

आधी ओळख परेड

'किडा पळाला' एवढ्यावर टेन्शन घेण्यात अर्थ नसतो. कोण पळालाय ते बघा. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

रातकिडा सगळ्यात बोलका. पण गातो तो फक्त नर. पावलांची कंपनं जाणवली की गप्प बसतो, म्हणून तुम्ही कपाटापाशी गेलात की सन्नाटा. त्याला ऊब आणि ओल दोन्ही हवं. त्यामुळे फ्रिजच्या मागे, सिंकखाली, वॉशिंग मशीनच्या आसपास तो सापडण्याची शक्यता जास्त. त्याचं आयुष्य तसं छोटं, मोठा झाल्यावर काही आठवडे. पण मादी ओल्या मातीत अंडी घालते. बाल्कनीतल्या तुळशीच्या आणि मनीप्लांटच्या कुंड्या म्हणजे तिच्यासाठी तयार मॅटर्निटी होम!

मीलवर्म म्हणजे पिवळसर अळी. तिला गुळगुळीत उभ्या भिंतीवर चढता येत नाही, आवाज नाही, घाई नाही. म्हणून लोक तिला सिरियसली घेत नाहीत. पण ही मूळची धान्य-पिठातली कीड आहे. मोठी झाली की काळा भुंगा होतो आणि पुन्हा पिठात अंडी. जेवण बाहेरून मागवणाऱ्या बॅचलर फ्लॅटमध्ये तिला खायला काही मिळणार नाही, ती गोष्ट वेगळी! पण तुम्ही वर्क फ्रॉम होम म्हणून सरड्यासकट बीडला आई-बाबांकडे मुक्कामाला गेला असाल, तर तिथे वर्षाची ज्वारी-बाजरी कोठीत भरून ठेवलेली असते. पळालेली मीलवर्म तिथे पोचली तर आईला काय सांगणार?

सुपरवर्म तिची धिप्पाड बहीण. हिची एक गंमत आहे. गर्दीत असली तर ही अळी कोष अवस्थेत जातच नाही, महिनोन् महिने अळीच राहते. एकटी पडली की मगच तिचं रूपांतर सुरू होतं. म्हणजे डब्यातली वीस जणं जागच्या जागी, आणि सोफ्याखाली एकटी सटकलेली जी आहे तीच भुंगा व्हायला मोकळी!

आणि चौथं, डुबिया झुरळ. नाव ऐकूनच अर्धी पब्लिक खुर्चीवर चढली असेल. खरं तर हे आपल्या किचनमधल्या झुरळापेक्षा बरंच सभ्य. गुळगुळीत काचेवर चढता येत नाही, वाढायला महिने लागतात. पण मादी अंडी बाहेर टाकत नाही, थेट पिल्लंच जन्माला घालते. उबदार, दमट हवा मिळाली की खूश. अमेरिकेत ही झुरळं सरड्यांचा खाऊ म्हणून सर्रास विकली जातात. पण फ्लोरिडासारख्या उष्ण, दमट राज्यात ती परवानगीशिवाय ठेवता येत नाहीत. का, ते आता बघू.

थंड देशातला सल्ला आपल्याकडे चालत नाही

सरडे पाळण्याबद्दलचं बरंचसं वाचन परदेशी असतं. त्यात एक वाक्य हमखास असतं. घाबरू नका, पळालेले किडे थंडीने आपोआप मरतील. लंडनमध्ये मरतील हो! मुंबईत काय होणार? डिसेंबरातही पंखा लागतो. बीडचा उन्हाळा चाळीसच्या वर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत. त्या कोरडेपणात रातकिडा उघड्यावर टिकणार नाही, पण माठाखाली कायम ओल असते. मोरीत असते. कूलरच्या टाकीत असते. घरभर वाळवंट आणि मध्ये तीन-चार ओअ‍ॅसिस! म्हणजे शोधायचं कुठे, तेही कळलं.

खाऊ म्हणून आणलेला किडा कायमचा रहिवासी होऊ शकतो का? होऊ शकतो. तुर्कस्तानी झुरळ हे त्याचं गाजलेलं उदाहरण. मूळ मध्य आशिया आणि आसपासचं. अमेरिकेत ते पहिल्यांदा १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लेथ्रॉपच्या लष्करी डेपोत सापडलं. लष्कराच्या सामानातून आलं असावं, असा अंदाज. पुढे मात्र ते पाळीव सरड्यांचा खाऊ म्हणून ऑनलाइन विकलं जाऊ लागलं. २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड कॅम्पसमधल्या संशोधकांनी दाखवलं, की ते तिथल्या जुन्या झुरळापेक्षा जास्त अंडी देतं आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात त्याची जागा घेतंय. त्याच्या प्रसारात या ऑनलाइन विक्रीचाही हात असल्याचं त्यांनी नोंदवलं. सरड्याचं कुरिअर, झुरळाचा प्रवास!

तेव्हा पळालेला किडा हा जोक नाही. त्याचा बंदोबस्त करायलाच हवा. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. लोचा होतो तो पुढच्या मिनिटाला, जेव्हा कुणी तरी सिंकखालचा स्प्रे उचलतं.

आजार म्हशीला, औषध पखालीला

झुरळांचे बहुतेक घरगुती स्प्रे, डासांची कॉइल, प्लगमधलं लिक्विड, फरशीवर ओढायचा तो पांढरा खडू, या सगळ्यांत साधारणपणे पायरेथ्रॉइड जातीची रसायनं असतात. ती किड्यांच्या मज्जासंस्थेवर हल्ला करतात. माणसाचं शरीर ती बऱ्यापैकी लवकर मोडून बाहेर टाकतं, म्हणून आपण निर्धास्त असतो. मासे आणि सरड्यांसारखे थंड रक्ताचे प्राणी याबाबतीत खूप नाजूक. त्यात टाकी छोटी, हवा कोंडलेली, आणि सरडा उठून गॅलरीत जाऊ शकत नाही.

पण थेट फवारा ही अर्धीच गोष्ट झाली. दुसरी अर्धी जास्त डेंजरस आहे. कोपऱ्या-कोपऱ्यांत लावायचं झुरळांचं जेल मुद्दाम सावकाश काम करणारं असतं. झुरळ ते खातं, चालत बिळात जातं, तिथे मरतं, आणि त्याच्यामुळे बाकीचीही मरतात. कल्पना भारी आहे. पण जेल खाल्लेलं ते झुरळ बिळाऐवजी सरड्याच्या टाकीत शिरलं तर? तुमच्या ड्रॅगनच्या दृष्टीने ते घरपोच आलेलं स्टार्टर आहे. विष किड्यात थांबत नाही. तोंडातून तोंडात वर चढत जातं.

आपल्याकडे याचं सगळ्यात मोठं उदाहरण गिधाडांचं. गुराला दुखण्यावर डायक्लोफेनॅक दिलं, गुरू मेलं, गिधाडांनी ते खाल्लं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. हे कोडं २००४ मध्ये सुटलं, २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात बंदी आली. तोवर आकाश रिकामं झालं होतं. औषध दिलं होतं एकाला, मेलं भलतंच कुणी.

चला बीडला

आता बीड. दुष्काळ आणि ऊसतोडीला जाणारे मजूर, एवढीच या जिल्ह्याची ओळख आपल्या डोक्यात असते. पण गेवराईपासून अंबाजोगाईपर्यंत आता तुतीची हिरवीगार शेतं दिसतात. राज्यातल्या आघाडीच्या रेशीम जिल्ह्यांत बीडचं नाव घेतलं जातं. मनरेगातून तुतीच्या लागवडीला मदत मिळत आली. पूर्वी कोष विकायला थेट कर्नाटकातल्या रामनगरला जायला लागायचं. २०१८ मध्ये जालन्यात कोषांचा बाजार सुरू झाला, आणि नंतर बीडच्या बाजार समितीतही कोषांची खरेदी होऊ लागली.

या शेतकऱ्याचं काम म्हणजे काय? शंभर अंडीपुंज आणायचे, त्यातून चाळीस-पन्नास हजार अळ्या निघतात. त्यांना साधारण पंचवीस दिवस तुतीचा पाला खाऊ घालायचा. चार वेळा त्या कात टाकतात. या काळात एकेका अळीचं वजन जवळपास दहा हजार पटींनी वाढतं. शेवटच्या आठवड्यात तर भूक अशी, की पाला तोडून आणणाऱ्याचे हात थकतात पण अळ्यांची तोंडं थांबत नाहीत. शांत शेडमध्ये उभं राहिलं तर पत्र्यावर पाऊस पडावा तसा खाण्याचा आवाज येतो. मग त्या कोष विणतात. एका कोषात एक सलग धागा, पाचशे मीटरपासून हजार मीटरच्याही पुढे.

म्हणजे एक बॅच म्हणजे साधारण एक महिना. महिनाअखेरीला कोष विकले की पैसा. तुमच्या-माझ्या भाषेत, सॅलरी क्रेडिट!

आणि ही सॅलरी एका दुपारीत शून्य होऊ शकते. कशामुळे? शेजारच्या रानात कुणी कापसावर फवारणी केली आणि वारा तुतीकडे वळला, एवढंच पुरतं. फवारणारा काही दुष्ट नसतो, त्याला त्याची बोंडअळी मारायची असते. पण तो फवारा पानावर बसतो, पाला शेडमध्ये येतो आणि काही तासांत अळ्या माना वर करून अस्वस्थ हलायला लागतात, तोंडातून हिरवट पाणी टाकतात, आखडतात, मरतात. दहा-वीस नव्हे, रॅकच्या रॅक. वीस दिवसांची मेहनत, पाल्याचा खर्च, घरातल्या बायकांचे कष्ट, सगळं खतात.

म्हणून रेशीम शेडचे नियम बघा कसे असतात. तुतीचा प्लॉट फवारणीच्या पिकांपासून लांब हवा. शेजाऱ्याशी बोलून ठेवायचं, 'फवारणार असाल तर आधी सांगा.' पाल्याबद्दल शंका आली तर तो सगळ्या अळ्यांना घालायचा नाही, आधी थोड्यांना घालून बघायचा. शेडमध्ये शिरताना हातपाय निर्जंतुक करायचे. कॉइल लावायची नाही, अगरबत्ती नको, तंबाखूचा हात लावायचा नाही. आणि उझी माशी नावाची बया अळ्यांवर अंडी घालते, तर तिच्यासाठी कीटकनाशकाचा स्प्रे मारत नाहीत. खिडक्यांना जाळी लावतात, सापळे ठेवतात.

लक्षात आलं? चाळीस हजार किडे घरात आहेत, त्यांच्यात नको असलेला एक किडा घुसलाय, आणि विष वापरायचं नाहीये. हा तुमचाच प्रॉब्लेम आहे, फक्त चाळीस हजार पटींनी मोठा. बीडच्या शेतकऱ्याने तो जाळी, सापळा, स्वच्छता आणि शेजाऱ्याशी बोलणं या चार गोष्टींनी सोडवला. कारण त्याला एक फंडा क्लिअर आहे. घरात एक जीव जगवायचा असेल तर त्याच घरात दुसऱ्यासाठी विष ठेवता येत नाही.

बीड पॅटर्न, फ्लॅट एडिशन

तर स्प्रे खाली ठेवा. आता कामाला लागू.

सापळा: काचेची मोठी बरणी घ्या, लोणच्याची रिकामी चालेल, पण धुऊन. आत थोडा कोंडा आणि गाजराची किंवा बटाट्याची चकती. तोंडाला आतल्या बाजूने तेलाचं बोट फिरवा. बाहेरून कागदी पट्टीचा जिना करा. रातकिडे वासाने आत उतरतात, वर येता येत नाही. रात्री ठेवा, सकाळी बघा.

अंड्यांचा ट्रे: पुठ्ठ्याचा रिकामा ट्रे फ्रिजमागे आणि सिंकखाली उभा करून ठेवा. अंधारी फट दिसली की रातकिडे आणि डुबिया त्यात जाऊन बसतात. पहाटे ट्रे अलगद उचलून बादलीत झटका. फुकट आणि बेस्ट!

एसी: खोलीचं दार बंद करून तासभर एसी फुल करा. गारव्याने किडे मंद होतात. मग टॉर्च घेऊन दोघांनी दोन बाजूंनी आवाजाचा माग काढा. एकट्याला आवाजाची दिशा कळत नाही, दोघांना कळते. रूममेटबरोबर बिघडलेले संबंधही यात सुधारतात म्हणे!

ओल तोडा: माठाखाली कोरडं कापड, सिंकखालची गळती बंद, कुंड्यांना आठवडाभर बेताचं पाणी. पीठ, रवा, पोहे घट्ट झाकणाच्या डब्यात. हे चार दिवस पाळलं की निम्मं काम आपोआप होतं.

चिकट ट्रॅप मात्र जपून! त्याला किड्याआधी भिंतीवरची पाल चिकटते. आणि पाल कोण? तुमचे पळालेले रातकिडे रात्रभर मोफत वेचणारी कर्मचारी! तिला पगारही नको, फक्त झाडू घेऊन मागे लागू नका.

आणि जे सापडतील ते पुन्हा सरड्याला खाऊ घालू नका. तो किडा तीन दिवस तुमच्या सोसायटीत फिरून आलाय. कुणाच्या किचनमधलं काय चाटून आलाय, कुणी सांगावं? पिशवीत घालून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मग कचऱ्यात. टाकीतली बदललेली मातीही तशीच, कारण तिच्यात अंडी असतात. खिडकीतून बाहेर मात्र अजिबात सोडायचं नाही. तुर्कस्तानी झुरळाची गोष्ट आठवा.

पुढच्या वेळी पळूच नयेत म्हणून

किड्यांचा डबा नेहमी एका मोठ्या गुळगुळीत टबात ठेवून उघडा, निसटलेला टबातच राहील. डब्याच्या आतल्या कडेला वरून चार बोटं पॅकिंग टेप चिकटवा, पाय घसरतात. झाकणाला प्लॅस्टिकची जाळी नको, रातकिडे ती कुरतडतात. धातूची लावा. उघडण्याआधी डबा पाच-सात मिनिटं फ्रिजमध्ये ठेवला की मंडळी सुस्तावतात. आणि स्वस्त पडतात म्हणून पाचशे आणू नका, आठवड्याला लागतील तेवढेच आणा. सरड्याने न खाल्लेले रातकिडे रात्री टाकीतून काढायलाच हवेत. नाहीतर झोपलेल्या सरड्यालाच ते कुरतडतात. जेवणानेच जेवणाऱ्याला चावायचं, असा प्रकार!

बीडकडून अजून एक गोष्ट शिकता येते. जो पळतच नाही असा किडा निवडणं. रेशमाची अळी! हजारो वर्षं माणसाने तिला इतकं लाडावलंय, की तिला आता पळणं जमतच नाही. समोर पाला असला की ट्रे सोडून जात नाही. तिच्या पतंगाला पंख असतात, पण उडता येत नाही. आवाज नाही, चावणं नाही, अंग मऊ असल्यामुळे सरड्याला पचायलाही सोपी. परदेशात सरडे पाळणारे तिला आवडीने विकत घेतात. अर्थात रोज तीच नाही, खाण्यात बदल हवाच.

पण उद्याच गाडी काढून कुणाच्या शेडवर धडकू नका. ते दुकान नाही, कुणाची तरी महिन्याची कमाई आहे, आणि बाहेरच्या माणसाच्या हातापायांतून रोग आत जातो. घ्यायच्याच असतील तर आधी विचारा, आणि बाहेरच थांबा. चुना किंवा औषधाची पावडर टाकलेल्या, आजारी म्हणून बाजूला काढलेल्या अळ्या घेऊ नका. आणि गावाकडच्या कापसाच्या रानातले नाकतोडे पकडून सरड्याला घालणं तर विसराच. त्यांच्या पायांवर काय बसलंय ते आता तुम्हाला माहीत आहे.

ताकाला जाऊन भांडं लपवू नका

किडे पळाले की सगळ्यात मोठी चूक कुठली? लपवणं. तुम्ही गप्प बसता, रूममेटला झुरळ दिसतं, तो चुपचाप स्प्रे मारतो. घरकाम करणाऱ्या मावशी प्रेमाने ओट्यामागे खडू ओढून जातात. सोसायटीचा पेस्ट कंट्रोलवाला महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येऊन तुमच्या पॅसेजमध्ये फवारून जातो. यातल्या एकालाही माहीत नसतं की आत कुणाचा जीव टांगणीला आहे. बीडचा शेतकरी शेजाऱ्याला जाऊन सांगतो, 'फवारायच्या आधी कळवा हं.' आपल्याला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन ओळी टाकायला लाज का वाटावी? फवारणी टळत नसेल तर रसायनाचं नाव विचारून घ्या आणि सरडा काही दिवस मित्राकडे हलवा. किड्यांचा डबाही.

आणि स्प्रे मारून झालाच असेल तर? सरडा लगेच दुसऱ्या, हवेशीर खोलीत. टाकीतलं पाणी आणि तळाची माती बदला. घरातले सगळे खाऊचे किडे टाकून द्या. थरथर, लाळ, तोल जाणं यातलं काहीही दिसलं तर सरड्यांचा अनुभव असलेल्या व्हेटकडे पळा. उद्या बघू म्हणू नका.

कायदा पण बघा बॉस

एक गोष्ट स्पष्ट. वर जे सांगितलं ते कायदेशीरपणे पाळता येणाऱ्या परदेशी प्राण्यांबद्दल. आपल्याकडची घोरपड, अजगर, शॅमेलिऑन, चांदणी कासव यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. 'शेतात सापडलं, लळा लागला' हे कारण चालत नाही. परदेशी प्राण्यांतही इग्वाना, बॉल पायथनसारख्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. दुकानदार 'काही लागत नाही साहेब' म्हणाला तरी.

गावी गेल्यावर जखमी साप किंवा घोरपड दिसली तर घरी टाकी मांडू नका. वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. बीड जिल्ह्यातच शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे 'सर्पराज्ञी' हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र चालवतात. जखमी प्राण्यावर उपचार करायचे आणि तो बरा झाला की पुन्हा जंगलात, हे तिथलं काम. प्राण्यावर प्रेम असणं म्हणजे तो आपल्या घरात असणं नव्हे, हे कळायला इतकं जवळचं उदाहरण असताना आपण लांब कुठे जायचं?

ज्याला सरडा पाळायचाय त्याने जरूर पाळावा. पण टाकी विकत घेण्याआधी एक हिशेब करा. कॉइल बंद, स्प्रे बंद, खडू बंद, जेल बंद. डासांना मच्छरदाणी, झुरळांना रोजची स्वच्छता. हे पुढची आठ-दहा वर्षं. कारण बिअर्डेड ड्रॅगन तेवढं जगतो, म्हणजे तुमच्या सध्याच्या नोकरीपेक्षा नक्कीच जास्त! हे जमणार असेल तर तुम्ही तयार आहात. नसेल जमणार, तर भिंतीवरची पाल आहेच की. तिला टाकी नको, बल्ब नको, आणि तिचं डिनर ती स्वतः पकडते.